पातळ रक्ताची किमया: नियम, फासे आणि कोकणातली शिकार

देवगडजवळच्या एका गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हा गट ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या पात्रे वठवून आणि फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे एक दीर्घ कथानक रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत चालवीत आहे, आणि त्यातील एका खेळाडूने थिन-ब्लड (पातळ रक्ताचा, दुबळा रक्तपिपासू) किमयागाराचे पात्र घेतले आहे; असा किमयागार रक्तापासून जादूई गुणांचे अर्क काढतो. खेळाडूचे म्हणणे असे की एकदा प्रयोगशाळा उभी राहिली की दोन सेशनांच्या (खेळाच्या बैठकांच्या) मधल्या काळात अर्काच्या वीस-पंचवीस कुप्या भरून ठेवता आल्या पाहिजेत. स्टोरीटेलरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, म्हणणे असे की तसे झाले तर खेळातली भीतीच संपेल. त्यातून चार उपप्रश्न निघतात: फासे नेमके कधी टाकायचे, अर्क काढण्याच्या तीन पद्धतींपैकी कोणती निवडायची, लागणारे रक्त कोकणासारख्या ठिकाणी कुठून आणायचे, आणि आपल्या रसशास्त्रातील, म्हणजे पारा व धातूंपासून औषधे करण्याच्या शास्त्रातील, यंत्रे व संज्ञा यात बसवता येतील का.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. किमयेचे नियम हे वस्तू तयार करण्याचे नियम आहेत असे समजून वाचले, तर ते तोकडे आणि अर्धवट वाटतात. शिकारीच्या नियमांचा पुढचा भाग म्हणून वाचले, तर त्यांतील प्रत्येक ओळीचा उपयोग कळतो. कुपीत काय आहे यापेक्षा ते कोणाच्या अंगातून, कोणत्या मनःस्थितीत काढले, हे या नियमांना अधिक महत्त्वाचे आहे, आणि तुमच्या गटातील मतभेदाचे मूळ नेमके येथे आहे.

पायाभूत गोष्टी प्रथम. ही किमया फक्त थिन-ब्लड पात्रांना येते. खेळाच्या विश्वात चौदावी, पंधरावी आणि सोळावी पिढी थिन-ब्लड मानली जाते, आणि त्यांच्या रक्ताची क्षमता, म्हणजे ब्लड पोटन्सी, शून्य असते. त्यांना कोणत्याही कुळाची उपजत विद्या (अलौकिक शक्ती) मिळत नाही. माणसाचे रक्त प्याल्यावर त्या रक्ताच्या प्रकृतीनुसार एखादी विद्या काही काळ अंगात येते, आणि पुढच्या आहाराबरोबर किंवा भूक (रक्ताची तहान, जी शून्य ते पाच अशी मोजतात) पाचावर पोचली की निघून जाते. याच्या मोबदल्यात पात्र घडवताना थिन-ब्लडांसाठी राखून ठेवलेले एक ते तीन गुण निवडता येतात, मात्र जितके गुण तितकेच दोष घ्यावे लागतात. ‘थिन-ब्लड अल्केमिस्ट’ हा त्यांपैकी एक गुण. तो घेतला की किमयेचा एक बिंदू (कौशल्य मोजण्याचे एकक) आणि पहिल्या पातळीचे एक सूत्र (अर्काची कृती) मिळते. पुढची सूत्रे अनुभवगुण खर्चून घ्यायची असतात, आणि प्रत्येक सूत्राची किंमत त्याच्या पातळीच्या तिप्पट असते. म्हणजे दुसऱ्या पातळीचे सूत्र सहा गुणांना आणि तिसऱ्या पातळीचे नऊ गुणांना पडते. ट्रेमेअर किंवा बानू हकीम कुळाची रक्तविद्या आणि ही किमया यांचा परस्परसंबंध नाही. ती विधींची विद्या आहे, तिचे नियम येथे आणू नयेत.

आता फाशांविषयी. या आवृत्तीत दहा बाजूंचे फासे मूठभरून टाकतात. सहा किंवा अधिक पडल्यास एक यश, आणि दोन दहा पडले तर त्या जोडीची चार यशे धरतात. पात्राची भूक जितकी, तितके साधे फासे काढून त्यांच्या जागी भुकेचे फासे येतात. अर्क काढताना पद्धतीनुसार ठरलेला गुणधर्म आणि किमयेचे बिंदू यांची बेरीज करून फासे टाकायचे. काठिण्य सूत्राच्या पातळीपेक्षा एकाने अधिक. त्यामुळे पहिल्या पातळीच्या सूत्राला दोन यशे लागतात, दुसरीच्या सूत्राला तीन. नवख्या किमयागाराकडे गुणधर्माचे दोन आणि किमयेचा एक असे तीनच फासे असतील, तर पहिल्या पातळीचा अर्कही त्याला निम्म्या वेळाच साधतो. तीन अधिक दोन असे पाच फासे झाले की तोच अर्क दहापैकी आठ वेळा जमतो, पण दुसऱ्या पातळीचा अर्क पुन्हा निम्म्याच्या किंचित वर येऊन थांबतो.

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर यातच आहे: एक फेक अर्क काढताना, आणि सूत्राचा परिणाम दुसऱ्या कोणावर लादायचा असेल तर दुसरी फेक वापरताना. उदाहरणार्थ ‘फार रीच’ या पहिल्या पातळीच्या सूत्राने दूरची वस्तू किंवा व्यक्ती मनाने ओढता वा ढकलता येते, आणि समोरची व्यक्ती विरोध करणार असेल तर तेथे फेक लागते. ‘हेझ’ने स्वतःभोवती धुके ओढून घेताना लागत नाही. त्याशिवाय सूत्र चालू करण्यासाठी राउझ चेक असतो, म्हणजे एक फासा टाकायचा आणि पाच किंवा कमी पडले तर भूक एकाने वाढवायची. हा खर्च विसरू नये. तुमच्या खेळाडूच्या वीस-पंचवीस कुप्या या नियमाने अर्ध्याअधिक निष्प्रभ होतात, कारण एका रात्रीत चार कुप्या वापरल्या तर सरासरीने भूक दोनाने वाढते, आणि वाढलेली भूक पुन्हा त्याला माणसांकडेच पाठवते.

येथे एक बारकावा अनेक टेबलांवर, म्हणजे खेळणाऱ्या गटांत, सुटतो. भुकेचे फासे अर्क काढण्याच्या फेकीतही असतात. भूक तीन-चारवर असताना भट्टीपुढे बसलेल्या पात्राच्या पाच फाशांपैकी तीन-चार फासे भुकेचेच असतील, आणि मग अर्क साधला तरी त्या यशावर पशूची (पात्राच्या आतल्या हिंस्र रक्तपिपासू प्रवृत्तीची) छाप उमटू शकते, फसला तर पशू वर येतो. मी अशा वेळी काच फुटली, द्रव सांडला असल्या किरकोळ शिक्षा देत नाही. पात्राने कच्चा मालच पिऊन टाकला, किंवा अर्क उत्तम साधला पण तो ज्याच्या रक्तातून काढला त्याच्यावर पात्राची वासना जडली, असे काही घडवतो. दुसऱ्या बाजूने, डाइस पूल (टाकायच्या फाशांची संख्या) काठिण्याच्या दुप्पट असेल आणि प्रसंगात ताण नसेल, तर फेक न घेता यश देण्याची मुभा नियमांनीच स्टोरीटेलरला दिलेली आहे. चार फासे असलेल्या पात्राला शांत रात्री पहिल्या पातळीचा अर्क तसाच द्यावा आणि वाचलेला वेळ शिकारीला द्यावा.

शिकारीकडे वळण्यापूर्वी प्रत्येक सूत्राचे साहित्य पाहू. त्यात तीन भाग असतात: किमयागाराचे स्वतःचे रक्त, ठराविक प्रकृतीचे मानवी रक्त, आणि रसायने किंवा अन्य जिन्नस. यांतील तिसऱ्या भागावर खेळाडू सर्वांत जास्त बोलतात, आणि माझ्या मते त्याला सर्वांत कमी वेळ द्यावा. खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. एका ओळखीच्या पाळीप्रमुखाच्या मदतीने जिन्नस मिळाले असे म्हणावे आणि पुढे जावे. दुसरा भाग मात्र सगळा खेळ आहे.

रक्ताच्या प्रकृतीला नियमांत रेझोनन्स म्हणतात, आणि ती जुन्या युरोपीय वैद्यकातील चार द्रवांवर बेतलेली आहे: सँग्विन म्हणजे आनंदी, कामुक, उल्हासाचे, कोलेरिक म्हणजे रागाचे, ईर्षेचे, मेलँकॉलिक म्हणजे दुःखाचे, भयाचे, फ्लेगमॅटिक म्हणजे आळसाचे, अलिप्ततेचे, शांतीचे. वर उल्लेखलेल्या ‘फार रीच’ला कोलेरिक रक्त लागते, ‘हेझ’ला फ्लेगमॅटिक. प्रकृती फाशाने ठरवायची झाली तर दहा बाजूंच्या फाशावर एक ते तीन फ्लेगमॅटिक, चार ते सहा मेलँकॉलिक, सात-आठ कोलेरिक आणि नऊ-दहा सँग्विन. तीव्रतेसाठी दुसरा फासा: एक ते पाच नगण्य, सहा ते आठ क्षणिक, आणि नऊ-दहा पडल्यास पुन्हा फासा टाकून आठपर्यंत तीव्र व त्यावर अतितीव्र. याचे गणित मांडले तर भेटलेल्या माणसांपैकी निम्म्यांचे रक्त नगण्य निघते, आणि तीव्र किंवा अतितीव्र कोलेरिक रक्ताचा माणूस शंभरांत चार. नियम सांगतात की हे फासे अनोळखी गर्दीसाठी आहेत. ज्या माणसाला पात्र निवडून गाठते किंवा जाणूनबुजून भडकवते, त्याची प्रकृती प्रसंगावरून ठरवावी. किमयागाराचे पात्र त्यामुळे आपोआप भावनांचे निरीक्षण करणारे आणि त्या निर्माण करणारे होते. त्याला रागीट रक्त हवे असेल तर त्याने भांडण शोधावे किंवा लावून द्यावे. भांडण लावून देण्याची रात्र ही त्याच्या किमयेची खरी रात्र असते. अर्क निघतो तेव्हा खेळातले महत्त्वाचे सर्व घडून गेलेले असते.

कोकणात हे फार चांगले चालते, कारण इथल्या भावनांना ऋतू आहेत. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या, जाळी विणत बसलेली माणसे, दिवसभर पाऊस. फ्लेगमॅटिक रक्ताला याहून सोयीचा काळ नाही. बंदी उठली की हेच बंदर बदलते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटेच्या लिलावात भावावरून चढलेले आवाज, किंवा मालवण किनाऱ्यावर रापणीवाले पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौकांचे मालक यांच्यातला वर्षानुवर्षांचा वाद, येथे कोलेरिक रक्त शोधावे लागत नाही, त्यातून जीव वाचवून बाहेर पडावे लागते. गणपतीत चाकरमानी आले की घराघरांत सँग्विन. विसर्जनानंतर गाड्या मुंबईला परतल्या की त्याच घरांच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आईबापांत मेलँकॉलिक. बांधावरून चाललेली भाऊबंदकी तर बाराही महिने आहे, पण ती क्षणिक तीव्रतेची समजावी. तीव्र होण्यासाठी त्यात कोर्टाची तारीख किंवा तोडलेले आंब्याचे कलम हवे.

जत्रेच्या रात्रीचा विचार मी वेगळा करतो. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि दशावतारी नाटक मध्यरात्रीनंतर रंगते ते पहाटेपर्यंत चालते. गर्दी, अंधार, रात्रभराची वर्दळ, सगळ्यांचे लक्ष संकासुराकडे. शिकाऱ्याला याहून अधिक काय हवे? म्हणूनच मी या रात्री स्पर्धा ठेवतो. जे एका थिन-ब्लडला सुचते ते त्या टापूतल्या इतर रक्तपिपासूंनाही सुचलेले असते, आणि त्यांच्यातले जे कॅमारिला या रक्तपिपासूंच्या प्रस्थापित संघटनेच्या आश्रयाला आहेत त्यांच्या दृष्टीने थिन-ब्लड म्हणजे हाकलून देण्याची पोरे. ग्रामदेवतांना आणि वेतोबासारख्या दैवतांना मात्र मी रक्ताच्या व्यवहारात ओढत नाही. आरवलीच्या वेतोबाला लोक श्रद्धेने चामड्याच्या वहाणा वाहतात. त्या श्रद्धेचा खेळातल्या पिशाचाशी संबंध जोडणे मला सवंग वाटते, आणि टेबलावरच्या कोणाच्या घरची ती नवसाची जागा असू शकते.

याच कोकणात शिकारीला एक मोठी अडचण आहे, आणि ती नियमांना पूरक ठरते. शहरात अनोळखी माणूस सापडतो. वाडीत सापडत नाही. कोण कोणाचा, रात्री कुठे गेला होता, सकाळी तोंड का उतरले आहे, हे दुपारपर्यंत तिठ्यावर कळते. ज्यांच्याविषयी कोणी विचारत नाही असे लोक थोडेच असतात: आंब्याच्या हंगामात बागांची राखण करायला येणारे नेपाळी कामगार, परराज्यांतून आलेले खलाशी, रस्त्याच्या कामावरच्या टोळ्या. सोपी शिकार याच लोकांत आहे हे खेळाडूंच्या लवकर लक्षात येते, आणि स्टोरीटेलरने ती सोपी ठेवू नये असे मी म्हणणार नाही. ती सोपी असावी, पण त्या माणसाला नाव, गावाकडचा फोन आणि उद्याची मजुरी असावी. मानवतेचे, म्हणजे पात्रातली माणुसकी मोजणारे, नियम याच्यापुढे आपले काम करतात.

आता पद्धती. किमयेचा पहिला बिंदू घेताना तिन्हींपैकी एक निवडायची असते. ‘अथानोर कॉर्पोरिस’मध्ये किमयागार स्वतःच्या शरीराचीच भट्टी करतो; लागणारे रक्त आणि जिन्नस तो स्वतः पोटात घेतो आणि अर्क त्याच्या शिरांत तयार होतो. येथे स्टॅमिना (सहनशक्ती) अधिक किमया असे फासे. ‘कॅल्सिनाशिओ’मध्ये दुसऱ्या माणसाच्या शरीराची मूस होते: त्याच्या रक्तात जिन्नस आणि त्याच्या मनात भावना योग्य प्रमाणात उतरवून मग त्याचे रक्त प्यायचे, आणि येथे मॅनिप्युलेशन (दुसऱ्याला वळवण्याचे कसब) अधिक किमया. ‘फिक्साशिओ’मध्ये काचपात्रे, बर्नर, ऊर्ध्वपातनाची नळी अशी खरोखरची प्रयोगशाळा लागते, बुद्धी अधिक किमया असे फासे, आणि अर्क कुपीत भरून जवळ बाळगता येतो. शेवटच्या वाक्यामुळे बहुतेक खेळाडू तिसरीच पद्धत निवडतात.

माझा अनुभव असा की कथेसाठी सर्वांत चांगली पद्धत दुसरी आहे आणि टेबलासाठी सर्वांत अवघडही तीच. कॅल्सिनाशिओ करणाऱ्या पात्राचे काही लोकांशी दीर्घकाळचे संबंध असावे लागतात. समजा त्याने एखाद्या तरुण खलाशाशी मैत्री केली, त्याला दारू पाजली, मुकादमाने त्याचे पैसे कसे बुडवले याची रोज आठवण करून दिली, आणि राग पिकल्यावर त्याचे रक्त घेतले. यात त्याने कोणाला मारले नाही, रक्तही बेताने घेतले, खलाशाला चुंबनानंतरच्या (खेळात रक्तपिपासूच्या चाव्याला हेच नाव आहे) गुंगीपलीकडे काही आठवत नाही. तरीही पुढच्या आठवड्यात तोच राग खलाशाने मुकादमावर काढला तर त्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नावर एक पूर्ण सेशन सहज जाते, आणि फासे मोजून दोनदाच पडतात. अशा कथानकात माणसाला व्यसन लावणे, त्याची फसवणूक करणे असे विषय येणारच. म्हणून ही पद्धत कोणी निवडली तर पहिल्या बैठकीतच कोणत्या गोष्टी दाखवायच्या नाहीत आणि कोणत्या केवळ सूचित करायच्या, हे सर्वांनी मिळून ठरवावे. टेबलावर शाळकरी मुले असतील तर ही आवृत्तीच काढू नये. ती प्रौढांसाठीच लिहिलेली आहे.

अथानोर प्रवासी पात्राला बरी. कोकण रेल्वेने रात्रीतून सावंतवाडीहून पनवेलला जाणाऱ्या, पाठीवरच्या पिशवीपलीकडे काही नसलेल्या थिन-ब्लडला भट्टी परवडत नाही. या पद्धतीची त्रुटी अशी की पोट एकच असते: पुढचा आहार आणि शिजत असलेला अर्क एकाच जागेसाठी भांडतात. आमच्या टेबलावर मी ठेवलेला नियम असा की अर्क अंगात असताना पात्राने दुसऱ्या प्रकृतीचे रक्त प्याले तर तो अर्क वाया जातो. हा ग्रंथातला नियम नाही, टेबलाचा आहे, आणि पुढे जिथे जिथे मी टेबलाचा नियम म्हणेन तिथे तो तसाच समजावा.

फिक्साशिओविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमचा वाद तिच्यावरच आहे. प्रयोगशाळेसाठी कोकणात जागेची कमतरता नाही. वेंगुर्ल्याकडचा बंद पडलेला काजू कारखाना, आंब्याचा रस डबाबंद करणारे आणि वर्षातले नऊ महिने कुलूप असलेले युनिट, मुंबईकरांचे बंद घर. परंतु येथे पावसाळ्यात डब्यातल्या मिठालाही पाणी सुटते, क्षारांचे गोळे होतात, लेबले गळून पडतात, आणि वादळात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. थंड ठेवायचे असेल तर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ओळख लागते. यांतल्या एकेका गोष्टीला फासे नकोत; पण प्रयोगशाळेची देखभाल हे रोजचे काम आहे आणि ते करायला एक माणूस लागतो, हे कथेत यायला हवे. तो माणूस म्हणजे पात्राचा साथीदार, आणि साथीदाराला प्रश्न पडतात.

आता रक्ताचे गणित पाहा. या आवृत्तीत माणसाला इजा न करता प्याले तर भूक दोनने शमते, आणि घोटभर घेतल्यास एकने. कुपीत गेलेले रक्त पोटात जात नाही. म्हणजे प्रत्येक अर्कासाठी किमयागाराला शिकार करून स्वतः उपाशी राहावे लागते, किंवा एकाच माणसाकडून दोन्हींसाठी घेऊन त्याला धोक्यात घालावे लागते. त्यात टेबलाचा एक नियम मिळवा: काढलेल्या रक्ताची प्रकृती पुढच्या सूर्योदयाबरोबर निघून जाते, त्यामुळे साठवायचा तो अर्क साठवा, कच्चे रक्त नाही. मग एका रात्रीत किती अर्क निघू शकतात याला मर्यादा आपोआप येते, कारण रात्रीही मर्यादित आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनअखेर रात्र सुमारे अकरा तासांची आणि डिसेंबरअखेर तेरा तासांच्या जवळपास असते. थिन-ब्लडला ऊन इतर रक्तपिपासूंइतके पोळत नाही हे खरे, पण बहुतेकांनी तो धोका पत्करू नये. शिकारीला निम्मी रात्र, ये-जा, भट्टीला उरलेली: मी एका रात्रीला एक अर्क धरतो, आणि पात्राने शिकारीत विशेष यश मिळवले असेल तर त्याच फेकीतून दोन कुप्या देतो.

सूत्रांच्या निवडीबद्दल थोडक्यात. ‘हेझ’ पहिले घ्यावे. वाडीत ओळखले जाण्याचे भय सर्वांत मोठे, आणि धुके नेमके तेच टाळते. ‘डीफ्रॅक्शनेट’ हे तिसऱ्या पातळीचे सूत्र पिशवीतल्या साठवणीच्या रक्ताला पिण्याजोगे ताजे करते. जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत कोणी ओळखीचे असेल तरच त्याचा उपयोग, आणि इथे रक्तपेढ्या मोजक्या असल्यामुळे गेलेली पिशवी लवकर लक्षात येते. ‘एअरबोर्न मोमेंटम’ने उडता येते, खाडीच्या दोन्ही बाजूंना वस्ती असलेल्या प्रदेशात ते दिसणारच असे गृहीत धरावे. पाचव्या पातळीचे ‘अवेकन द स्लीपर’ टॉर्परमध्ये, म्हणजे मृतवत दीर्घ झोपेत, पडलेल्या रक्तपिपासूला जागे करते, आणि ज्या थिन-ब्लडकडे ते आहे त्याच्या दारात कालपर्यंत हाकलून देणारे वडीलधारे नम्रपणे उभे राहतात. दीर्घ कथानकाचे शेवटचे पर्व यावर रचता येते.

सर्वांत जास्त गैरसमज ‘काउंटरफिट’ सूत्रांबद्दल आहेत. या सूत्रांनी इतर कुळांच्या विद्यांची नक्कल करता येते, पण नक्कल नेहमी एक पातळी महाग पडते: पहिल्या पातळीच्या शक्तीची नक्कल हे दुसऱ्या पातळीचे सूत्र, आणि याच क्रमाने पुढे. प्रत्येक नक्कल हे स्वतंत्र सूत्र म्हणून शिकायचे असते, ‘काउंटरफिट’ एकदा घेतले आणि सर्व विद्या मोकळ्या झाल्या असे होत नाही. साहित्यातील रक्ताची प्रकृती त्या विद्येशी जुळणारी लागते: सेलेरिटी (वेग) आणि पोटन्ससाठी (बळ) कोलेरिक, फॉर्टिट्यूड (काटकपणा) आणि ऑबफस्केटसाठी (नजरेआड होणे) मेलँकॉलिक, ऑस्पेक्स (अतींद्रिय जाण) आणि डॉमिनेटसाठी (मनावर ताबा) फ्लेगमॅटिक, प्रेझेन्ससाठी (मोहिनी) सँग्विन. प्राण्यांचे रक्त ॲनिमलिझम (प्राण्यांवर हुकमत) आणि प्रोटियनशी (रूप बदलणे) जोडलेले आहे. येथे पुन्हा शिकारच विद्येचा दरवाजा ठरते. ऑबफस्केटची नक्कल करायची असेल त्याने दुःखी माणसाचा शोध घ्यावा.

रसशास्त्राचा प्रश्न मला आवडला, आणि त्याचे उत्तर अर्धे होकाराचे आहे. या पद्धतींची नावे युरोपीय किमयेतील खऱ्या क्रियांवरून आली आहेत. अथानोर म्हणजे दीर्घकाळ मंद, स्थिर उष्णता देणारी भट्टी. कॅल्सिनेशन म्हणजे पदार्थ तापवून त्याचे भस्म करणे. फिक्सेशन म्हणजे उडून जाणाऱ्या पदार्थाला अग्नीपुढे टिकणारे रूप देणे. आपल्याकडे ‘रसरत्नसमुच्चय’सारख्या ग्रंथांत खल्व (खल), मूषा (मूस), दोलायंत्र, वालुकायंत्र, निरनिराळी पुटे (ठराविक आच देण्याच्या रीती) यांची वर्णने आहेत, आणि पाऱ्याच्या चंचलपणाला आवर घालणाऱ्या बंधनांचा विचार फिक्सेशनच्या कल्पनेच्या अगदी जवळचा आहे. त्यामुळे तुमचा किमयागार एखाद्या वैद्याच्या जुन्या घराण्यातला असेल, त्याच्या माळ्यावर आजोबांचा लोखंडी खल आणि मातीच्या मुशी असतील, तर तेच त्याचे फिक्साशिओ समजावे. नियमांत काहीच बदलत नाही आणि वर्णन घरचे होते. पारा आणि गंधक एकत्र खलून होणारी काळीभोर कज्जली ही तर प्रयोगशाळेच्या प्रसंगाला मिळालेली आयती सामग्री आहे. हे सगळे बोलण्यात ठेवावे. पाऱ्याची वाफ विषारी असते, टेबलावर खरा पारा आणण्याचा उत्साह कोणी करू नये.

नकाराचा अर्धा भाग असा की वात, पित्त, कफ यांना रेझोनन्सच्या जागी बसवू नये. दोष तीन आहेत आणि प्रकृती चार. कोलेरिकला पित्त आणि फ्लेगमॅटिकला कफ म्हणणे सोपे, पण मग सँग्विन आणि मेलँकॉलिक या दोघांना वातात कोंबावे लागते, आणि वर दिलेला फाशांचा तक्ता, विद्यांची जोडणी, साहित्याची यादी हे सर्व एकदम ढासळते. शिवाय दोषांचा विचार मुख्यतः देहाच्या दीर्घ प्रकृतीचा आहे, तर खेळातील रेझोनन्स त्या रात्रीच्या भावनेचा. किमयागार ज्या माणसाला सकाळी शांत पाहतो त्याला रात्री रागीट करू शकतो, यावरच तर त्याचे पोट चालते.

काही गट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या दुसऱ्या कथाखेळातील रसायनांचे नियम येथे आणू पाहतात. त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत साधे आरोग्यवर्धक पेय 25 सुवर्णमुद्रा आणि एका दिवसाचे काम खर्चून बनवता येते. तेथे पैसा आणि वेळ हीच किंमत आहे आणि त्या खेळाच्या स्वभावाला ती शोभते. येथे तीच पद्धत लावली की माणूस नियमातून बाहेर पडतो, आणि तुमच्या खेळाडूच्या वीस-पंचवीस कुप्यांची कल्पना बहुधा तेथूनच आली आहे.

तर त्या कुप्यांचा निकाल मी असा देईन. दोन सेशनांच्या मधल्या काळात साठा करायला हरकत नसावी, पण साठ्याची कमाल मर्यादा किमयेच्या बिंदूंइतकी असावी. दोन बिंदू असलेल्या पात्राजवळ दोनच तयार कुप्या. प्रत्येक कुपीसाठी खेळाडूने एका वाक्यात सांगावे की रक्त कोणाचे, कुठे आणि कोणत्या भावनेत घेतले, आणि स्टोरीटेलरने ते आपल्या वहीत नोंदवून ठेवावे. कुपी दुसऱ्या पात्राला द्यायची असेल तर देऊ द्यावी, राउझ चेक पिणाऱ्याने टाकावा. माणसाने प्यायल्यास परिणाम होऊ नये, नाहीतर हेझची कुपी मुंबई-गोवा महामार्गावरच्या तस्करांच्या हाती जायला वेळ लागत नाही. जुने सेशन संपल्यावर उरलेल्या कुप्या पुढे चालू ठेवायच्या की नाहीत, हे मी ऋतूवर सोडतो: हिवाळ्यात टिकतात, आणि जून लागला की प्रत्येक कुपीमागे एक फासा टाकून पाचपर्यंत आल्यास ती बुरसली असे धरतो.